नेट जायचं ते दुपारीच

"तू घरात असलास की नेट चालतं, तू जिना उतरलास की जातं," असं काका फोनवर म्हणाले आणि मी मनात म्हटलं, हे प्रकरण चिवट निघणार. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात सगळ्यात वाईट बिघाड कुठला, तर अधूनमधून होणारा. मशीन साफ मेलेलं असेल तर उलट बरं. एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, बदला, रॅम काढून पुसून परत बसवा, पैसे घ्या, निघा. पण आपल्यासमोर शहाण्यासारखं वागायचं आणि पाठ फिरली की रंग दाखवायचे, अशा मशीनला पकडणार कुठे?

काका डोंबिवली पूर्वेला राहतात. रेल्वेच्या अकाउंट्स खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सध्या त्यांनी घराण्याचा कुळवृत्तांत हाती घेतलाय. मूळ गाव कोकणातलं, तिथून एक शाखा घाटावर, एक बडोद्याला, एक इंदूरला. लोक मेलवर माहिती पाठवतात, जुनी कागदपत्रं पाठवतात, काका ती एक्सेलमध्ये चढवतात आणि उलट प्रश्न विचारून समोरच्याला भंडावून सोडतात. म्हणजे नेट त्यांच्यासाठी टाइमपास नव्हे. इंदूरच्या आजी व्हिडिओ कॉलवर पणजोबांच्या भावांची नावं सांगत असताना नेमकी स्क्रीन थिजली, की काका चिडतात. मीही चिडलो असतो.

माझ्याआधी कनेक्शनवाल्यांचा माणूस येऊन गेला होता. त्याने राउटर बदलला, फायबरचं टोक पुसून पुन्हा बसवलं आणि "तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलवा" असं सांगून गेला. आमच्याकडे हे ठरलेलं आहे. लाइनवाला कॉम्प्युटरकडे बोट दाखवतो, कॉम्प्युटरवाला लाइनकडे, आणि गिऱ्हाईक मधल्या मधे दोघांच्या व्हिजिटचे पैसे भरतं.

मी गेलो तेव्हा सुरुवातीला नेहमीचं सगळं केलं. काकांचा डेस्कटॉप आतल्या खोलीत, राउटर हॉलमध्ये, आणि कॉम्प्युटरला मागच्या बाजूला यूएसबीत खुपसलेला, वायफाय पकडणारा नखाएवढा डोंगल. वीज वाचवायला विंडोज कधीकधी डोंगललाच झोपवतं, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ती खूण काढली. डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नवा टाकला. मोबाइलवरच्या ॲपने आसपासची वायफाय बघितली. डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये ती किती निघतात ते सांगायला नको, यादी सरकवून अंगठा दुखतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरतात, १, ६ आणि ११. काकांचा राउटर ६ वर होता, आणि अर्धी बिल्डिंगही ६ वरच. तो ११ वर नेला. बराच वेळ बसलो, चहा झाला, कुळवृत्तांताची दोन पानं ऐकून झाली. नेट ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन.

पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासमोर वही ठेवली. अकाउंट्सचा माणूस, त्यामुळे रकाने पट्टीने आखलेले: तारीख, नेट गेल्याची वेळ, आल्याची वेळ, शेरा. असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं. बाकीचे फक्त "सारखं जातं हो" एवढंच सांगतात. वहीतल्या सगळ्या नोंदी दुपारी साडेतीन ते संध्याकाळी सहा या वेळातल्या. सकाळी काका पेपर वाचतात, बँकेची कामं करतात, तेव्हाची एकही नोंद नाही. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "कॉल तुटला" होतं, आणि एका ओळीत बारीक अक्षरात, "माउसही अडतो. सेल बदलले."

दुपारीच का? लाइनवाल्याचं म्हणणं, दुपारी राउटर तापतो. ऐकायला पटतं. पण राउटर पंख्याखाली, हात लावून बघितला तर कोमट, आणि काकांचं नेट गेलेलं असताना काकूंची मालिका त्याच राउटरवर टॅबवर बिनबोभाट चालू असायची. मग माझा संशय मायक्रोवेव्हवर गेला. तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, आणि दार सैल झालं असेल तर वायफायला त्रास देतो. चार वाजता घरात काहीतरी गरम होतच असणार. स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी आत ठेवलं आणि चालू केला. काकू बघतच राहिल्या. "अरे, चहा हवाय तर सांग ना, गॅसवर टाकते." मोबाइलवर सिग्नलचे आकडे जरा हलले, पण नेट काही तुटलं नाही.

असल्या भलत्याच कारणांवर माझा विश्वास आहे, त्याला आधारही आहे. वेल्समधल्या ॲबरहोसन नावाच्या खेड्यात दीड वर्ष रोज सकाळी सातला ब्रॉडबँड कोलमडायचं. केबल बदलून झाल्या तरी तेच. शेवटी इंजिनिअर यंत्र घेऊन भल्या पहाटे गावात फिरले, तेव्हा कळलं की एका घरातला जुना टीव्ही सातला चालू झाला की त्यातून विजेचा गोंगाट बाहेर पडतो आणि गावाची लाइन बसते. ही २०२० सालची बातमी. तिथला प्रकार तांब्याच्या तारांचा होता, आपला वेगळा. पण एक गोष्ट तीच: बिघाडाच्या वेळेला तिथे हजर राहिल्याशिवाय तो सापडत नाही.

म्हणून काकांना म्हटलं, "उद्या साडेतीनला येतो. मी काही करणार नाही. तुम्ही मी नाहीच असं समजून रोजच्यासारखे कामाला बसा."

गेलो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन काळ्या खिडक्या उघडून ठेवल्या. एकीतून घरच्या राउटरला, १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग, म्हणजे हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. दुसरीतून बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ ला. यातली फक्त दुसरी अडली तर दोष राउटरच्या पलीकडचा, लाइनवाल्याचा. दोन्ही एकदम अडल्या तर दोष या खोलीत नाहीतर हॉलपर्यंतच्या वाटेत. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, भांडणं मिटवायला एवढं पुरतं.

मी मागे स्टुलावर बसलो. काका उठले, खिशातली किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं, आतून खणाची पिशवी काढली, आणि पिशवीतून एक्स्टर्नल हार्ड डिस्क.

"ही आधी दिसली नाही कधी," मी म्हटलं.

"दिसेल कशी? तू येणार म्हटलं की टेबल आवरून ठेवतो मी. सगळा वृत्तांत हिच्यात आहे बाबा, अशी उघड्यावर नाही ठेवत. कामापुरती काढतो."

बोलता बोलता त्यांनी कॅबिनेटच्या मागे हात घातला, चाचपून निळं सॉकेट शोधलं आणि वायर खुपसली. वायफायच्या डोंगलला खेटून. मग आदल्या दिवशीचे स्कॅन एका फोल्डरात घेऊन डिस्कवर कॉपीला लावले.

राउटरच्या पिंगला तोवर दोन-तीन मिलिसेकंद लागत होते. एकदम साडेतीनशे. मग हजाराच्या वर. मग ओळीने रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे उत्तरच नाही, दोन्ही खिडक्यांत. कोपऱ्यातल्या वायफायच्या रेघा मात्र सगळ्या भरलेल्या! आणि त्याच क्षणी काकांनी माउस उचलून पॅडवर दोनदा आपटला. बाण स्क्रीनवर ठेचकाळत चालला होता. "बघ, परत सेल गेले," म्हणून त्यांनी माउसचं झाकण उघडलं.

सेल गेले नव्हते. वायरलेस माउसही २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतो. नेट आणि माउस एका वेळी अडत असतील, तर विंडोज, ड्रायव्हर, राउटर, लाइन, सगळे निर्दोष. खोलीतच कोणीतरी त्या पट्ट्यात आरडाओरडा करत होतं, आणि ते नुकतंच कपाटातून बाहेर आलं होतं.

निळं सॉकेट म्हणजे यूएसबी ३.०. त्यातून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने डेटा जातो. त्या वेगाच्या सिग्नलचा गोंगाट फार रुंद पट्ट्यात पसरतो, आणि २.४ गिगाहर्ट्झ नेमकं त्यातच येतं. वायरचं नाहीतर सॉकेटचं शील्डिंग, म्हणजे गोंगाट अडवणारं धातूचं आवरण, हलकं असलं की तो बाहेर झिरपतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर लिहून ठेवलंय, त्यात वायरलेस माउसचाही उल्लेख आहे. डोंगल तिथून दोन बोटांवर. वरातीतल्या बँजोपार्टीशेजारी उभं राहून फोनवर बोलावं तशी त्याची गत. वायफायच्या रेघा भरलेल्या का, तर राउटरचा आवाज किती जोरात येतोय एवढंच त्या सांगतात, आजूबाजूला गोंधळ किती आहे ते त्यांना दाखवता येत नाही.

काकांना हे सांगितलं तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं. पुराव्याशिवाय मानणारा माणूस नव्हे. डिस्क काढून शेजारच्या काळ्या सॉकेटला, म्हणजे यूएसबी २.० ला लावली. पिंग परत दोन-तीनवर, माउस सुरळीत. पुन्हा निळ्यात लावली, पुन्हा टाइम्ड आउट. मग काका स्वतःच लावून-काढून बघायला लागले आणि प्रत्येक वेळी वहीत वेळ टिपली. मी थांबवलं नसतं तर संध्याकाळ झाली असती.

काळ्या सॉकेटला डिस्क कायमची ठेवली असती तर कॉपी रखडली असती. खरा उपाय हॉलमधून लॅन केबल ओढायचा, पण दाराच्या चौकटीवरून वायर जाणार म्हटल्यावर काकूंनी नुसतं "हं" केलं आणि तो विषय तिथेच संपला. माझ्या बॅगेत लॅमिंग्टन रोडवरून आणलेली मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन असतेच. डोंगल तिच्या टोकाला लावून कॅलेंडरशेजारी भिंतीवर चिकटवला, माउसचा रिसिव्हर पुढच्या काळ्या सॉकेटला आणला. डिस्क निळ्यातच राहिली. कॉपी चालू ठेवून काकांनी इंदूरला कॉल लावला. आजींनी तीन पिढ्या सांगून टाकल्या, नेट हललं नाही.

"वायरचे किती?" काकांनी विचारलं. सांगितले. "आणि बाकीचे कशाचे?" बसण्याचे, म्हटलं. यावर थोडी हुज्जत झाली. काकूंनी मध्ये पडून व्हिजिटचे पूर्ण पैसे द्यायला लावले, आणि माउससाठी आणलेले सेलचे जादा पाकीट दुकानात परत जाईल का, असं मलाच विचारलं.

तेव्हापासून नेट तुटण्याचा फोन आला की मी आधी माउसचं विचारतो. मध्यंतरी कल्याणच्या एका टॅक्सवाल्यांचा आला: बॅकअप लावला की नेट जातं, लाइनवाला दोनदा येऊन गेला. माउस अडखळतो का, विचारलं. "तुम्हाला कसं कळलं?" म्हटलं, डिस्क निळ्या सॉकेटमधून काढून काळ्यात लावा. थोड्या वेळाने त्यांचा परत फोन, नेट टिकलंय, पण बॅकअपला तिप्पट वेळ लागतोय. म्हटलं, आज तसाच चालू दे, उद्या वायर घेऊन येतो.