आमची वाटचाल : आधी मोजणी, मग सुटे भाग

ठाण्यातल्या वर्तकनगरमधलं आमचं दुकान वडिलांनी तासावर सायकली भाड्याने देण्यासाठी काढलं. सगळ्या काळ्या, बिनगिअरच्या. चेन ढिली झाली की मागचं चाक थोडं ओढायचं, नट आवळायचे, काम झालं. पुढे भाड्याचा धंदा आटला आणि आम्ही दुरुस्तीकडे वळलो.

गिअरच्या सायकली आल्या आणि कामच बदललं. उपवनहून येऊरचा चढ चढणारे, पहाटे घोडबंदर रोडला निघणारे लोक येऊ लागले. बहुतेकांची तक्रार एकच, जोर लावला की चेन सटकते. अशा वेळी चेन, कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच), चेनव्हील (पेडलजवळचं मोठं दातेरी चक्र) सगळंच नवं बसवणं दुकानदाराला सोपं जातं आणि पैसेही जास्त सुटतात. आम्हाला ते पटलं नाही. मोजल्याशिवाय काही विकायचं नाही, असं ठरवलं.

मोजायला स्टीलची पट्टी पुरते. नव्या चेनवर एका पिनेपासून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. पिना आणि त्या जिथे फिरतात ती जागा झिजली की हे अंतर वाढतं. लोखंड ताणलं जात नाही. इंचाचा सोळावा भाग वाढला म्हणजे साधारण अर्धा टक्का. तेव्हाच चेन बदलली तर कॅसेट वाचते, आणि कॅसेट चेनपेक्षा महाग असते. आठव्या भागापर्यंत ओढत नेली तर दातेही त्याच मापाने झिजतात. मग त्यांच्यावर नवी चेन बसत नाही, चढावर उडते. लहान चक्रं आधी जातात, कारण ११ दात्यांच्या चक्रात भार मोजक्याच दात्यांवर येतो. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर वेगात चालवणारे हीच लहान चक्रं वापरतात, म्हणून त्यांची ती मी आवर्जून बघतो. बिनगिअरच्या सायकलीला एवढी घाई नसते. तिची चेन एक टक्क्यापर्यंत चालते. चेनव्हील तर बऱ्याच चेन पचवतं. दाते माशाच्या पाठीवरच्या परासारखे एका अंगाला झुकलेले दिसले, तरच ते बदलायला सांगतो.

पट्टी मी गिऱ्हाइकाच्याच हातात देतो. आकडा त्याने स्वतः वाचला की वाद उरत नाही. कॅसेट कमी खपतात हे खरं, पण तीच माणसं शेजाऱ्यांना घेऊन येतात. दुकान त्यावरच उभं आहे.

पावसाळ्यात बारीक रेती तेलात मिसळून चेन सर्वांत जास्त खाते. त्यामुळे गणपती झाले की सायकल एकदा दाखवून जा. मोजणीचे पैसे आम्ही घेत नाही.