अठ्ठेचाळीस वजा दहा: माझी कोलोनोस्कोपी

वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झाला असेल, तर कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी, ४० व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी करायची. यातलं जे आधी येईल ते. म्हणून माझी ३८ व्या वर्षी झाली. त्रास काहीच नव्हता. कॅन्सर बहुतेक वेळा पॉलिपमधून, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेल्या छोट्या गाठीतून होतो आणि त्याला साधारण १० वर्षं लागतात. त्या काळात पॉलिप सापडला तर तो तिथेच काढून टाकता येतो.

सगळी भिस्त पोट साफ होण्यावर असते. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद केल्या, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. तीन दिवस पेरू, टोमॅटो, वांगं, तीळ, पालेभाजी, भाकरी बंद. मऊ भात, मुगाचं वरण, अंडी चालतात. बिया नळीत अडकतात. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि पारदर्शक: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा. कोकम सरबत नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

पोट साफ करायच्या पावडरचं पाकीट १३७ ग्रॅमचं, ते २ लिटर पाण्यात विरघळवायचं. संध्याकाळी ७ वाजता १ लिटर, दर पंधरा मिनिटांनी एक पेला. उरलेलं पहाटे ४ ला, कारण तपासणी १० ला होती. दुसरा लिटर बरेच जण टाळतात आणि नेमकं तिथेच बिघडतं: रात्रीत लहान आतड्यातून पुन्हा मळ उतरतो आणि उजव्या बाजूचे चपटे पॉलिप त्याखाली झाकले जातात. चव खारट, बुळबुळीत. थंड करून प्यायलं तर जातं. शेवटी लघवीसारखं स्वच्छ पिवळं पाणी आलं की पोट साफ झालं. गढूळ असेल तर निघण्याआधी दवाखान्यात कळवा.

तिथे डाव्या कुशीवर झोपवतात, सलाइनमधून गुंगी देतात. नळी टोकापर्यंत नेऊन परत आणताना बारकाईने बघतात. या परतीला किमान ६ मिनिटं द्यायलाच हवीत. रिपोर्टमध्ये सफाईचा बोस्टन स्कोअर बघा, आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी जास्तीत जास्त ३ गुण. माझे ८ होते. देठ असलेला १२ मिलिमीटरचा एक पॉलिप तारेच्या फासाने काढला. दुखलं नाही. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि पुढचे दोन आठवडे शौचातून रक्त जातंय का यावर लक्ष ठेवायचं.

बायोप्सीत अॅडिनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकतो अशा प्रकारचा पॉलिप) आला, कॅन्सर नाही. पुढची तपासणी ३ वर्षांनी.

घरात कुणाला नसेल तरी पंचेचाळिशीनंतर दरवर्षी मळातल्या छुप्या रक्ताची तपासणी करता येते. ती पॉझिटिव्ह आली तर पुन्हा तीच करत बसू नका, थेट कोलोनोस्कोपी करा. आणि शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याध म्हणून मलम लावत महिने घालवू नका. तंबाखू, दारू, सुटलेलं पोट, सॉसेज-बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस यांनी धोका वाढतो, पण वडील यातल्या कशाच्याही वाटेला गेले नव्हते.

धाकटी बहीण मार्चमध्ये ३८ ची होते. तिची तारीख घेतली आहे.