हौदाशेजारचं स्टेशन

फडके हौद कुठे आहे, असं कुणी विचारलं तर त्याला चौक दाखवावा लागतो. काळ्या हौदाचंही तेच. पुण्याच्या पेठांमधले बहुतेक हौद आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरते उरलेत, आणि रिक्षावाला ‘तिकडे वन वे आहे’ म्हणून तेवढंही ऐकून घेत नाही. या फडके हौदाजवळ 29 सप्टेंबर 2024 पासून मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन सुरू झालं. सरकत्या जिन्याने खाली उतरताना बाकीचे मोबाइल बघतात. मला कात्रजचं पाणी आठवतं.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750च्या सुमारास, कात्रजला बांध घालून तलाव केला आणि तिथून शहरापर्यंत जमिनीखालून नळ आणला. नळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तोटी येते. हा नळ म्हणजे चुन्यात बांधलेलं भुयारच होतं, माणूस आत उतरून गाळ काढू शकेल एवढं. हवा कोंडू नये म्हणून ठिकठिकाणी वर उच्छ्वास काढलेले. पंप नाही, मोट नाही. नुसत्या उतारावर पाणी कोसाकोसाने पुढे सरकायचं आणि पेठांतल्या हौदांत पडायचं. शनिवारवाड्यातली कारंजी उडायची तीही याच पाण्यावर. आज आमच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून मीटिंगा होतात, तेव्हा मला त्या उतार मोजणाऱ्या माणसांचं फार कौतुक वाटतं.

अर्थात हौदात पाणी आलं म्हणून ते सगळ्यांना मिळालं, असं नव्हतं. जोतीराव फुल्यांनी 1868 साली गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, तेव्हा ती गोष्ट गावाच्या डोळ्यांवर आली. म्हणजे त्याआधी पेठेतल्या पाण्यापाशी कुणी जायचं आणि कुणी नाही, हे ठरलेलं होतं. बुधवारातला बाहुलीचा हौद त्यानंतरचा, 1880चा, डॉ. विश्राम घोले यांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या लेकीच्या आठवणीत बांधला, आणि तोही सगळ्यांसाठी. आता दहा रुपयांचं तिकीट काढून कुणीही खाली उतरतं आणि कुणाच्याही शेजारी बसतं. मंडईचं स्टेशन तर ज्या मंडईपाशी आहे तिला नावच महात्मा फुल्यांचं आहे.

मेट्रोची वाटही नळाचीच. स्वारगेटकडून निघायचं, मंडईखालून यायचं, कसब्यात थांबायचं. पाणी इथेच संपायचं, गाडी मात्र पुढे मुठेच्या पात्राखालून पलीकडे जाते आणि तेहतीस मीटर खोल असलेल्या जिल्हा न्यायालय स्टेशनात थांबते, ज्याला निम्मं पुणं अजून सिव्हिल कोर्टच म्हणतं. बोगदे खणणाऱ्या यंत्रांची नावंही मुळा, मुठा, पवना अशी ठेवली होती. नदीचं नाव घेऊन नदीखालून जायचं, हा शहाणपणा की आगाऊपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

2019 साली स्वारगेटला खोदताना एक जुना भुयारी मार्ग लागला. झालं! गावभर बोभाटा झाला की पेशव्यांचं भुयार सापडलं. पुण्यातल्या प्रत्येक जुन्या वाड्यातून एक भुयार शनिवारवाड्याला जातं आणि दुसरं पर्वतीला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्यातून चालून आलेला माणूस काही भेटत नाही. तो नेहमी सांगणाऱ्याचा चुलत आजोबा असतो. जाणकारांनी पाहून सांगितलं की ही पाणी नेण्याची वाट आहे. खजिना नाही, तलवारी नाहीत, नुसतं पाणी! पुष्कळांचा हिरमोड झाला. मला विचाराल तर खजिन्यापेक्षा ही बातमी मोठी होती, कारण गावात पाणी आलं नसतं तर खजिना ठेवायला वाडे तरी कुठून आले असते?

कसब्यात राहणाऱ्या माझ्या मावशीला मात्र जमिनीखालचं हे सगळंच संशयास्पद वाटतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ती शाळेत होती. पाणी कोणत्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, हे ती रस्त्याने चालता चालता अजून दाखवते. त्यातली निम्मी घरं आता उभीच नाहीत, तरी दाखवते.

“मावशी, चल, एकदा शिवाजीनगरपर्यंत जाऊन येऊ.”

“नदीच्या खालून? तू पूर पाहिला नाहीस.”

“अगं, तेव्हा धरण फुटलं होतं.”

“आता फुटायचं नाही असं कुणी लिहून दिलंय का?”

यावर काय बोलणार! शेवटी ती आली, पण मंडईच्या बाजूला. तिकडे जाताना नदी लागत नाही, हे तिने आधी चारचौघांना विचारून घेतलं होतं. खाली उतरायच्या जिन्यापाशी ती थांबली. पिशवी माझ्याकडे दिली, निऱ्या एका मुठीत धरल्या, समोर येणाऱ्या पायऱ्या काही वेळ नुसत्या बघितल्या, दोन सोडल्या आणि तिसरीवर पाय टाकला. मागे एक कॉलेजचा मुलगा गुपचूप उभा होता. “काकू, सावकाश, घाई नाही,” म्हणाला. पेठेत असं वाक्य जमिनीच्या वर सहसा कानावर पडत नाही.

परतताना मंडईच्या फलाटावर तिच्या पिशवीतून अळूच्या जुडीचे देठ बाहेर आले होते. गाडी दिसायच्या आधीच बोगद्यातून वारा आला आणि अळूची पानं फडफडली. एवढ्या खाली वारा कुठून, असं तिने विचारलं. गाडी पुढची हवा ढकलत आणते, आणि ती कोंडू नये म्हणून वर शाफ्ट काढलेत, असं मी माझ्या परीने सांगितलं. “म्हणजे उच्छ्वासच की,” मावशी म्हणाली. एवढं लगेच पटलं, पण त्या अळूची भाजी दुसऱ्या दिवशी मला मात्र थोडी खाजरी लागली. तोही दोष तिने बोगद्यातल्या हवेलाच दिला.

स्टेशन चांगलंच आहे. स्वच्छ आहे, प्रशस्त आहे. तांबट आळीतले हातोड्याचे ठोके आणि स्कूटरचे हॉर्न वर सोडून आलं की डोकं क्षणभर मोकळं होतं. पण त्याच्यासाठी इथल्या काही कुटुंबांना घरं सोडावी लागली, हे जिन्याच्या तोंडाशी उभं राहिलं की जुन्या रहिवाशांना आठवतंच. आणि बाहेर पडल्यावर पुन्हा तोच बोळ, तीच दुचाकींची रांग. खाली इतकी जागा आणि वर चालायला फूटपाथ नाही, याची संगती लागत नाही. गणपतीच्या दिवसांत मंडईला खालीही पाय ठेवायला जागा उरत नाही, तेव्हा कुठे वरचं आणि खालचं पुणं एकसारखं वाटतं.

आता स्वारगेटच्या पुढे, कात्रजपर्यंत, 5.46 किलोमीटरचा मार्गही संपूर्ण जमिनीखालूनच होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये त्याला मंजुरी दिली. तो झाला की पाणी जिथून निघायचं तिथे पेठेतून खालच्या खाली जाता येईल. पाणी उताराने फुकट आलं, आपण चढाने वीज जाळत जाऊ, एवढाच फरक. मावशीला हे सांगितलं तर तिने खिडकीतून लाल महालाच्या दिशेला पाहिलं. 1663 साली तिथे शायिस्तेखानाची बोटं तुटली, आणि पाठलाग करणाऱ्या फौजेला बैलांच्या शिंगांना बांधलेल्या पलित्यांच्या मागे कात्रजच्या घाटाकडे पिटाळलं, ही गोष्ट कसब्यातल्या पोरांना पाळण्यातच कळते.

“कात्रजपर्यंत नेताहेत? नेऊ देत,” मावशी म्हणाली. “आम्हाला नुसता घाट दाखवला नाही म्हणजे मिळवली.”