छोट्या स्ट्राइडची घोडी, मोठ्या घोड्यांचे कोर्स: शो-जम्पिंगची प्रगती-नोंद

जोडीची सध्याची स्थिती अशी. घोडी मारवाडी रक्ताची, १४.२ हात (१४ हात २ इंच) म्हणजे साधारण १४७ सेंटिमीटर, वजन अंदाजे ३३० किलो. आधीचं काम वरातीत नाचायचं. स्वार नवखा, चाल, दुडकी आणि कँटर (दुडकी आणि भरधाव यांच्या मधली धाव) तिन्ही जमतात, उड्या मात्र शून्यापासून. खोगिरासकट स्वाराचं वजन ६५ किलोच्या आत ठेवलं आहे. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर ओझं गेलं की उतरताना पुढच्या पायांच्या नसांवर (कंडरांवर) ताण येतो. ६० सेंटिमीटरचा कोर्स (ठरलेल्या क्रमानं घ्यायच्या उड्यांची मांडणी) आता साफ होतो, ७० ला एखादा पोल (उडीचा आडवा दांडा) पडतो.

उंचीचा प्रश्न मुळात नाहीच. मागच्या दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या घोडीला ७० सेंटिमीटर काय जड? फॉल्ट (दंडाचे गुण) येतात ते दोन उड्यांमधल्या अंतरामुळे. कोर्स मोठ्या घोड्यासाठी मांडलेला असतो आणि त्याचा कँटरचा एक स्ट्राइड (चारही पायांचं एक पूर्ण आवर्तन) ३.६५ मीटरचा धरतात. या घोडीचा ३.३० भरतो.

स्ट्राइड मोजायला महागडं काही लागत नाही. वखर फिरवून सपाट केलेल्या मऊ पट्ट्यावरून स्थिर कँटर करायचा आणि एकाच पायाच्या खुणेपासून त्याच पायाच्या सहाव्या खुणेपर्यंत टेप धरायचा. आलेल्या आकड्याला ५ ने भागायचं. एकच स्ट्राइड मोजला तर आकडा फसवा येतो. वेगही सोबतच तपासायचा: ६५ मीटर अंतर १२ सेकंदांत कापलं तर मिनिटाला ३२५ मीटर, जो बऱ्याच सुरुवातीच्या क्लासांमध्ये (स्पर्धेच्या गटांमध्ये) मागतात. ६० मीटरला १२ सेकंद लागले तर ३००. इथं एक गंमत आहे. ३२५ च्या वेगाला मोठा घोडा मिनिटाला ८९ स्ट्राइड टाकतो, ही घोडी ९८. टापा भराभर पडतात म्हणून स्वाराला वाटतं आपण सुसाट चाललोय, तो लगाम ओढतो आणि वेळेचे फॉल्ट घेऊन बाहेर येतो. घड्याळ लावून सराव केल्याशिवाय हा भ्रम जात नाही.

आता हिशोब. मोठ्या घोड्यासाठी उतरायला १.८ मीटर, पुढची उडी घ्यायला १.८ मीटर आणि मधले स्ट्राइड ३.६५ चे. म्हणून तीन स्ट्राइडचं अंतर १४.६ मीटर, चारचं १८.२, पाचचं २१.९. या घोडीला ६०-७० सेंटिमीटरच्या उडीला दोन्हीकडे दीड-दीड मीटर पुरतं. तिचं सोयीचं अंतर तीन स्ट्राइडला १२.९, चारला १६.२, पाचला १९.५ आणि सहाला २२.८.

२१.९ ची लाइन (दोन उड्यांमधला टप्पा) सहा स्ट्राइडमध्ये आरामात बसते, प्रत्येक स्ट्राइड १५ सेंटिमीटर आखडला की झालं. १८.२ ची पाचमध्ये बसते. स्ट्राइड सुमारे ३.०५ चा करावा लागतो, पण जमतो. चारमध्ये न्यायचा मोह टाळायचा. त्यासाठी स्ट्राइड ३.८० चा लागतो, घोडी लांब आणि चपटी होते आणि पुढचा पोल पुढच्या पायांनी पाडते. १४.६ ही खरी डोकेदुखी. तीन स्ट्राइडला १.७ मीटर जास्त, चारला १.६ मीटर कमी, म्हणजे बरोबर मधोमध. सरळ गेलं तर चारमध्ये प्रत्येक स्ट्राइड २.९० चा करावा लागतो आणि नवख्या स्वाराच्या हातून एवढी आखडलेली घोडी उडीसमोर थांबते. उपाय असा की लाइन किंचित बाहेरून फुगवायची. मध्यावर दोन मीटर बाहेर गेलं की पाऊण मीटरच्या आसपास वाढतं आणि स्ट्राइड ३.०८ च्या आसपास येतो. मात्र फुगवटा पहिल्या उडीवरून उतरताच सुरू व्हायला हवा. अर्ध्यात आठवण आली तर दुसरी उडी तिरपी होते आणि घोडी बाजूनं निसटते.

कोर्स पायी पाहताना हाच हिशोब पावलांत करायचा. ९१ सेंटिमीटरचं एक पाऊल घोटून घ्यायचं. घराच्या अंगणात टेप टाकून रोज पाच मिनिटं चाललं तरी आठवड्या-दोन आठवड्यांत पाय बसतो. २० पावलं म्हणजे १८.२ मीटर, १६ पावलं म्हणजे १४.६. प्रत्येक लाइनचे फक्त तीन शब्द हातावर लिहायचे: "२०, पाच, सरळ" किंवा "१६, चार, बाहेरून". बाकीचे स्वार "चार स्ट्राइड आहे" म्हणत असतात, ते त्यांच्या घोड्याचं. तिकडे कान द्यायचा नाही.

जमिनीचं म्हणाल तर काळ्या मातीवर वर्षभर उड्या होत नाहीत. पावसाळ्यात नाल निघून येते, आणि पाऊस उघडल्यावर तीन-चार दिवस तरी वावरात घोडं घालता येत नाही. उन्हाळ्यात तीच माती दगड होते आणि भेगांत खूर अडकतो. सोयाबीन निघाल्यावर रान मोकळं दिसतं म्हणून सरळ घोडं घालू नये. सोयाबीनची, तुरीची आणि पऱ्हाटीची खुंटं तळव्यात घुसतात, ट्रॅक्टरचं टायर फुटतं तिथं खुराचं काय! खुंटं वेचून, वखर मारूनच वापरायचं.

पूर्ण ६० बाय ३० मीटरचं मैदान करायचं तर ५० ब्रास रेती लागते, ते शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही. त्याऐवजी ४० बाय ६ मीटरचा एकच पट्टा केला आहे. वरची माती काढून १५ सेंटिमीटर मुरूम, रोलर फिरवून, पाणी मारून. दबल्यावर कमी पडतो म्हणून १५ ब्रास धरायचा. वर ८ सेंटिमीटर रेती, ७ ब्रास. धुऱ्याकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार. रेती १२-१५ सेंटिमीटर झाली की पाय रुततात आणि नस सुजते, म्हणून जास्त दिसली तर दाताळ्यानं बाजूला ओढायची. सरावाआधी पाणी शिंपडलं की धूळ बसते आणि पकडही मिळते. वळणं वावरातच घ्यायची, उडी पट्ट्यावर.

पोल बांबूचे करू नका. मेळघाटातून बांबू स्वस्तात येतो, पण तो हलका. घोडीला लागलं तरी कळत नाही आणि ती पाय उचलायचा आळस शिकते. शिवाय चिरला की सुऱ्यासारखा होतो. नीलगिरीची सोललेली बल्ली घ्यायची, ३ मीटर लांब, १० सेंटिमीटर जाड, वजन १५-१६ किलो. रंग पांढरा-निळा किंवा पांढरा-पिवळा. घोड्याला लाल आणि हिरवा नीट वेगळा ओळखू येत नाही, त्यामुळे गवतावरचा लाल पोल त्याला उशिरा दिसतो.

जास्त लक्ष कपांवर, म्हणजे पोल टेकवायच्या स्टँडवरच्या आकड्यांवर. गावातला वेल्डर पोल पडू नये म्हणून खोल आकडा करून देतो, आणि तोच धोका. पोल अडकला की घोडं त्याच्यावरून कोलांटी खातं. कपाची खोली दोन सेंटिमीटर, फार तर तीन. पोल कपात हातानं फिरला पाहिजे. स्टँड गोल पाइपचे किंवा लाकडाचे, अँगलचे नकोत. रिकामा कप स्टँडवर सोडायचा नाही. कप नेहमी उतरण्याच्या बाजूला, म्हणजे पोल पुढं पडतो. उलट्या बाजूनं उडी घ्यायची असेल तर आधी कप फिरवायचे. ऑक्सरच्या (एकामागे एक दोन पोलांच्या रुंद उडीच्या) मागच्या पोलाला सुटणारे सेफ्टी कप, हे विकतच आणावे लागतात.

वरातीतल्या घोडीची खोड वेगळी. लगाम घट्ट झाला, हात वर गेला की ती नाचू लागते, कारण तिला तेच शिकवलेलं. जुना काटेरी लगाम काढून साधा, मधे एक सांधा असलेला १२ सेंटिमीटरचा स्नॅफल घातला आहे. उडीजवळ स्वारानं हात वर घेतला की घोडी पुढं जायची सोडून जागच्या जागी टापा मारते. म्हणून गळ्यात जुन्या रिकिबीचा पट्टा बांधला आहे; उडीच्या आधी दोन बोटं त्यात. हात आपोआप खाली राहतात, आणि उडीत मागं राहिलेला स्वार तोंडाला झटकाही देत नाही. तोंडाला झटका बसला की पुढच्या उडीला नकार ठरलेला. वरातीचा एक फायदाही आहे: लाउडस्पीकर, टाळ्या, मंडपाचं फडफडणारं कापड यांना ती भीक घालत नाही.

ग्रिड, म्हणजे ठरावीक अंतरांवर ओळीनं मांडलेल्या सरावाच्या उड्या, तिच्या मापाचा असा मांडला. दुडकीसाठी तीन पोल, १.२५ मीटरवर. शेवटच्या पोलापासून २.४ मीटरवर ५० सेंटिमीटरचा क्रॉस (फुलीसारखे दोन पोल). तिथून ५.२ मीटरवर, मधे एक स्ट्राइड, ६० चा व्हर्टिकल (सरळ उभी उडी). पुढं ९.५ मीटरवर, मधे दोन स्ट्राइड, ६० बाय ६० चा ऑक्सर. मोठ्या घोड्याला हीच मापं १.३५, २.७, ५.५ आणि १०.२ च्या आसपास लागतात. एका दिवशी एकच भाग वाढवायचा. व्हर्टिकलसमोर जमिनीवर १५-२० सेंटिमीटर पुढं एक पोल ठेवला की घोडी बुंध्याशी येऊन थांबत नाही. तोच पोल चुकून व्हर्टिकलच्या मागे गेला तर तिचा अंदाज हमखास चुकतो. मारवाडी मान उंच धरते आणि पाठ पोकळ करते, त्यामुळे मागचे पाय लोंबतात. यावर ग्रिड सर्वांत गुणकारी. आठवड्याला दोनदा पुरे, त्याहून जास्त केलं तर घोडी कंटाळते.

उडीखाली भरायला बाजारातले फिलर नकोत. खताच्या चमकदार पिशव्यांत कुटार भरून ठेवायचं, आधी दोन बाजूंना, मग हळूहळू मधे. फ्लेक्ससुद्धा चालतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सला आपल्याकडे तोटा नाही. उलटा करून लावला तर बरं, घोडी चेहऱ्यांना बिचकते.

सुरुवातीच्या स्पर्धांमधून वहीत उतरलेलं. पहिला नकार आला तो फाटकापासून दूर जाणाऱ्या उडीला. घोड्याला बाहेर, सोबत्यांकडे जायचं असतं. फाटकाकडे पाठ असताना ते सुस्तावतं आणि तोंड फाटकाकडे असताना पळतं. म्हणून दूर जाताना तीन स्ट्राइड आधीच टाच, परत येताना उंच बसून थोपवणं. पोल पडले ते बहुतेक वळणानंतरच्या उडीला, कारण स्वारानं कोपरा कापला आणि सरळ यायला तीन-चार स्ट्राइडसुद्धा उरले नाहीत. वळणाच्या बाहेरच्या टोकाला एखादी खूण, झाड किंवा खांब, पायी पाहतानाच ठरवायची आणि घोडी तिथपर्यंत न्यायचीच.

नियमांपैकी नवख्याला बाद करणारे ठरावीक आहेत. घंटेआधी सुरुवात करून पहिली उडी घेतली तर बाद. घंटेनंतर ४५ सेकंद असतात, त्यानंतर घड्याळ आपोआप सुरू. लाल झेंडी उजवीकडे, पांढरी डावीकडे. पाडलेल्या पोलाला ४, पहिल्या नकाराला ४. एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या) नियमांत दुसऱ्या नकाराला बाद, आणि पडलं तर पहिल्यांदाच बाद. खालच्या क्लासात संयोजक सूट देतात कधी कधी, ते पत्रिकेत वाचून घ्यावं.

वॉर्म-अप वीस मिनिटं, उड्या सहा ते आठ. क्रॉस, व्हर्टिकल, ऑक्सर आणि शेवटी परत एक सोपा व्हर्टिकल. घोडी चांगली उडतेय म्हणून वाढवत नेलं की आत जाईपर्यंत ती रिकामी. गर्दीत समोरून येणाऱ्याला डावा हात डाव्या हाताशी ठेवून जाऊ द्यायचं.

प्रवास बोलेरो पिकअपमध्ये, रात्री किंवा पहाटे, खाली कुटाराचा जाड थर, दर तीन तासांनी पाणी. घरचं पाणी कॅनमध्ये न्यायचं, नव्या पाण्याला घोडी तोंड लावत नाही आणि पोट धरतं. ग्लँडर्सच्या (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाच्या) तपासणीचा अहवाल बहुतेक ठिकाणी मागतात. नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो, म्हणून अर्ज भरायच्या आधीच रक्त द्यावं. पावसाळ्यानंतर गोमाश्या वाढल्या आणि घोडी सुस्त, पाय सुजलेले दिसले तर सराची (गोमाश्यांमुळे पसरणाऱ्या रक्ताच्या परजीवी रोगाची) तपासणीही त्याच वेळी.

पुढचा टप्पा ७० सेंटिमीटरचा, डबलसकट (जवळजवळच्या दोन उड्यांच्या जोडीसकट). तिथं फुगवायची सोय नाही. एका स्ट्राइडचा डबल मोठ्या घोड्यासाठी ७.३ मीटरचा असतो. त्यात या घोडीला ४.३ चा स्ट्राइड लागेल, एक मीटर जास्त. दोन स्ट्राइड घालावेत तर २.१५ चे, तेही अशक्य. १४८ सेंटिमीटरच्या आतल्या घोड्याला पोनी क्लासात कमी अंतर मिळतं, पण तो क्लास मुलांचा; मोठ्या स्वाराला दार बंद. म्हणून घरच्या पट्ट्यावर डबल ६.३ मीटरवर मांडला आहे. तो तिनं सहज घेतला की दर आठवड्याला १० सेंटिमीटर वाढवायचे, ६.८ पर्यंत, वेग थोडा चढवून. ६.८ च्या पुढं ताणायचं नाही. नाव नोंदवताना संयोजकांना डबलचं अंतर विचारायचं, आणि ७.३ असेल तर तो शो सोडून ६० चाच क्लास करायचा.