झाकलेल्या बाटल्या, एकच द्राक्ष: सॉव्हिन्यॉन ब्लांची नोंद

आमच्या दादरच्या वाइन चाखणाऱ्या गटाने या हंगामात एकच द्राक्ष धरायचं ठरवलं. स्फूर्ती 'कॉनकूर मोंदियाल द्यु सॉव्हिन्यॉन' (आताचं नाव 'सॉव्हिन्यॉन सिलेक्शन') या वाइन स्पर्धेची. २०१० साली सुरू झालेली ही स्पर्धा फक्त सॉव्हिन्यॉन ब्लां या व्हाइट वाइनच्या द्राक्षाची. देशोदेशीच्या बाटल्या लेबल झाकून परीक्षकांपुढे येतात. सगळ्या ग्लासांत एकच जात असली की आवडनिवड मागे पडते आणि हवा, जमीन, तोडणीची वेळ, वाइन करणाऱ्याचा हात हे बोलायला लागतं.

गुणपत्रिका आम्ही ओआयव्हीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेची, घेतली आहे. दिसण्याला १५, वासाला ३०, चवीला ४४, एकूण ठशाला ११. वासाच्या तिसात तीव्रतेला ८ आणि दर्जाला १६, ही वाटणी मला फार शहाणी वाटते. भपकन अंगावर येणारी वाइन तीव्रतेचे सगळे गुण घेऊनही मागे राहू शकते. ओआयव्हीच्या नियमाने पदकं एकूण नमुन्यांच्या ३० टक्क्यांवर जात नाहीत. आम्हीही तेच पाळतो, म्हणून बैठका लांबतात.

खरी प्रगती नाकाची. या द्राक्षाचा हिरवा वास मेथॉक्सिपायराझिन्स या संयुगांचा. ढोबळी मिरचीत तीच असतात. घड पिकत गेले, त्यांना ऊन मिळालं की ती कमी होतात. पॅशनफ्रूट आणि ग्रेपफ्रूटचा वास मात्र थिऑल्स या गंधकयुक्त संयुगांचा. रसात ती बांधलेली, जवळपास मुकी असतात. आंबवताना यीस्ट त्यांना मोकळं करतं. सरावासाठी साध्या व्हाइट वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा तुकडा, पेरूची फोड, पपनसाची साल वेगवेगळी अर्धा तास भिजवायची, गाळायची आणि ग्लास झाकून ठेवायचे. आता 'काहीतरी हिरवं' एवढ्यावर कोणी थांबत नाही.

मुंबईच्या दमट हवेत आठ-दहा अंशांवर ओतलेली वाइन बघता बघता गरम होते आणि तिचा आंबटपणा ढिला वाटू लागतो. थोडी थोडीच ओता, बाटली बर्फात परत ठेवा.

न्यूझीलंडच्या मार्लबरो भागातली वाइन आता झाकूनही बहुतेकांना ओळखू येते. फ्रान्समधल्या सान्सेरची शांत असते, तिला वेळ द्यावा लागतो. सगळ्यात जास्त वाद नाशिकच्या बाटल्यांवर. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी, मग जानेवारी ते मार्च तोडणी. फेब्रुवारीत ऊन चढलं की साखर वाढते, आम्ल झपाट्याने उतरतं. चार दिवस इकडेतिकडे झाले तरी वाइन बदलते. आमच्यातला एक जण हिरव्या वासाला सरळ दोष मानतो. मला ते पटत नाही. मिरचीच्या जोडीला पेरू आणि लिंबू असेल तर तो त्या द्राक्षाचा स्वभाव आहे. नुसती कच्ची मिरची उरली, तरच दर्जाचे गुण कापावेत.

मार्लबरोत हे द्राक्ष १९७० च्या दशकात लागलं. सुला या नाशिकच्या वायनरीची पहिली सॉव्हिन्यॉन ब्लां २००० साली बाजारात आली. इतक्या कमी वर्षांत नाशिकने जे गाठलंय त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

पुढच्या बैठकीला नाशिकच्या एकाच वायनरीची लागोपाठच्या दोन वर्षांची बाटली, तीही झाकून. फेब्रुवारीत दिंडोरीकडे तोडणी बघायला जायचंय. मणी वेलीवरून तोडून चाखायचे आणि त्याच बागेची वाइन पुढच्या वर्षी या पत्रिकेवर तपासायची.