तो धूप आणि ती धूप

सीना नदीच्या काठी माझी शाळा आहे, जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला. त्या दिवसांत पोरांच्या घरी जे झालं ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं आहे. मी सांगतेय ती गोष्ट दिवाळीची सुट्टी संपून वर्ग पुन्हा भरला त्यानंतरची.

चौथीला मातीविषयीचा एक माहितीपर उतारा वाचायला दिला होता. वर्गातला एक मुलगा घडाघडा वाचतो. कुठे अडखळणं नाही, विरामचिन्हं सांभाळतो, पाहुण्यांसमोर नेहमी त्यालाच उभं करतात. त्यानं वाचलं, ‘जोरदार पावसामुळे जमिनीची धूप होते. सुपीक मातीचा थर वाहून जातो. झाडे व गवत यांमुळे धूप थांबते.’ मी विचारलं, जमिनीची धूप कशामुळे होते? उत्तर आलं, जोरदार पावसामुळे. कशामुळे थांबते? झाडे व गवत यांमुळे. दोन्ही बरोबर. एरवी मी पुढच्या परिच्छेदाकडे वळले असते.

त्या दिवशी मी म्हटलं, ह्या पहिल्या वाक्याचं चित्र काढा.

वह्या बघत रांगेतून फिरले आणि जागीच थांबले. निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये जमिनीतून धूर निघत होता. एकीनं तर शेताच्या मधोमध धुपाटणं काढलं होतं, निखाऱ्यांसकट. घडाघडा वाचणाऱ्या मुलाच्या चित्रात वरून पाऊस आणि खालून वळणावळणाचा धूर. विचारलं तर म्हणाला, “तापल्याली जमीन असती ना मॅडम, त्येच्यावर पाऊस पडला की वाफ निघती आन् वास सुटतो. देवापुढं ऊद टाकल्यावर सुटतो तसा.”

मग झाडांनी धूप थांबते ती कशी?

“झाडाखाली पाऊस कमी पडतो. मग वास बी कमी.”

त्याच्या बोलण्यात कुठेही चूक काढता येईना. शब्दाचा त्याला माहीत असलेला अर्थ घेऊन त्यानं सगळा उतारा नीट जुळवून घेतला होता. मातीचा थर वाहून जातो, हे त्याच्या लेखी वेगळंच वाक्य होतं, धुपेशी त्याचा संबंध नव्हता.

मला हे फार लागलं. इतकी वर्षं चौथीला शिकवतेय, दरवर्षी ‘धूप’ येते, दरवर्षी पोरं बरोबर उत्तरं देतात. आम्ही अवघड शब्द फळ्यावर लिहून घेतो ते ‘बाष्पीभवन’सारखे. ते शब्द दिसायलाच अनोळखी असतात, त्यामुळे पोरं स्वतः विचारतात. ‘धूप’ कुणी विचारत नाही, कारण तो शब्द घरात रोजचा आहे. माहितीच्या पुस्तकांत असे ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतात. नदीचं पात्र म्हटलं की भांडं किंवा नाटकातलं पात्र, गोदावरीचं खोरं म्हटलं की कोपऱ्यात उभं केलेलं माती ओढायचं खोरं, मातीचा थर म्हटला की दहीहंडी. गोष्ट वाचताना एखादा शब्द हुकला तरी गोष्ट पुढे जाते. माहितीच्या उताऱ्यात अशा एका शब्दावर सगळा उतारा उभा असतो.

निपुण भारत ह्या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या लक्ष्यांत तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं आहे. शब्द आम्ही घड्याळ लावून मोजतो. ‘समजून’ हा भाग उत्तरं बरोबर आली की झाला असं धरतो. गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ साली मांडलं होतं की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं आणि भाषा कळणं यांचा गुणाकार. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. प्रशिक्षणात मी हे लिहून घेतलं होतं. कळलं त्या धुराच्या चित्रांपुढे.

अर्थ लगेच सांगून टाकायचा नाही, एवढं ठरवलं. फळ्यावर दोन वाक्यं अर्धी लिहिली. ‘आज्जीने धूप घातल–’ आणि ‘जमिनीची धूप झाल–’. पोरांनी एका सुरात पुरी केली, घातला, झाली. मग थोडा वेळ वर्ग गप्प. एक मुलगी, एरवी फार कमी बोलणारी, म्हणाली, “मॅडम, एक ‘तो’ हाय आन् एक ‘ती’ हाय. मग दोन येगळ्या असतील.”

मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. शब्दकोश न उघडता, फक्त कानाच्या जोरावर पोरीनं दोन शब्द वेगळे केले होते. मराठीच्या लिंगामुळे पोरांना त्रास होतो असंच आपण म्हणतो, इथे त्यानंच वाट दाखवली.

‘ती’ धूप कोणती हे शोधायला बाहेर गेलो. दोन पसरट ट्रेमध्ये माती भरली. एकीवर ओढ्याकाठचं मुळांसकट काढलेलं गवत बसवलं, दुसरी उघडीच ठेवली. दोन्ही ट्रे विटेवर तिरके टेकवले, खाली एकेक काचेचा ग्लास, आणि झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीनं पाऊस पाडला. गवताखालच्या ग्लासात पाणी थोडंसं पिवळसर उतरलं. दुसऱ्या ग्लासात चहासारखं गढूळ, आणि थोड्या वेळानं तळाशी बोटभर गाळ बसला. उघड्या मातीत बारीक बारीक ओघळ पडले होते. पोरं ट्रेवर वाकून बघत होती.

“हे तर रान खरडून गेलं!” कुणीतरी ओरडलं.

खरडून जाणं त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा घरोघरी हाच शब्द होता. काळी माती गेली, मुरूम उघडा पडला, हे त्यांनी बापाच्या शेजारी उभं राहून पाहिलं होतं. सगळा धडा त्यांच्या रानात घडून गेला होता आणि पुस्तकातल्या एका शब्दापाशी येऊन ती पोरं देवघरात शिरली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच गप्प मुलीनं येता येता दारातच सांगितलं, “आज्जी म्हणती, वढ्याकडचं रान दरसाल धुपतंय.” धुपतंय! धुपणं हे क्रियापद तिच्या घरात पहिल्यापासून होतं. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होतं, आणि मी ते कधी विचारायला गेले नव्हते. आता वहीत तीन रकाने आखले आहेत, पुस्तकातला शब्द, घरी तो कशाला म्हणतात, आणि ह्या उताऱ्यात त्याचा अर्थ काय. दुसरा रकाना पोरं घरून भरून आणतात. तोच सगळ्यात आधी भरतो.

उतारा पुन्हा वाचायला घेतला. घडाघडा वाचणारा मुलगा ह्या वेळी सावकाश वाचत होता. शेवटचं वाक्य होतं, ‘मातीचा एक सेंटिमीटर जाडीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.’ परवा हेच वाक्य त्यानं एका दमात म्हटलं होतं. आता तो थांबला. कंपासमधून पट्टी काढून एक सेंटिमीटर केवढा ते बघितलं. पुराच्या पाण्यानं त्यांचंही रान नेलं आहे.

“मॅडम, आमच्यातली हितवर गेली,” असं म्हणून त्यानं पट्टी पायाला लावली आणि घोट्यापासून गुडघ्याकडे एकेक सेंटिमीटर मोजायला लागला.