तुम्ही विचारलंत म्हणून : लिनोकटसाठी रोलर कुठला घेऊ?

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, म्हणजे ब्लॉकवर, चित्र कोरून, त्याला रबरी रोलरनं शाई लावून छापणं. ते शिकायला आलेली माणसं आठवड्याभरात हा प्रश्न विचारतातच. कुणी फोन करतं, कुणी दुकानातूनच किमती कळवतं. बहुतेकांना कंपनीचं नाव हवं असतं. मी मात्र आधी उलट विचारते, ‘ब्लॉक केवढा कोरणार आहात?’ कारण रोलरची निवड तिथूनच सुरू होते.

आधी पैशांचं बोलू. लिनो छापायला प्रेस लागतोच असं नाही. शाई लावलेल्या ब्लॉकवर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासलं तरी सुरेख छाप निघते. कोरणी बोथट झाली तर दगडावर पाजळता येते. कागद साधा असला तरी शिकताना चालून जातो. रोलर वाकडा निघाला तर मात्र हातात कितीही कसब असलं तरी इलाज नसतो. तो शाई पट्ट्यापट्ट्यांनीच लावणार. म्हणून हातात पैसे बेताचे असतील तर कोरण्यांचा बारा नगांचा संच घेऊ नका, दोनतीन चांगल्या कोरण्या घ्या आणि उरलेले पैसे रोलरवर घाला.

आता ब्लॉकचं माप कशाला, ते सांगते. रोलर एका फेऱ्यात आपल्या घेराइतकंच अंतर कापतो. आपल्याकडे मिळणारा साधा रोलर साधारण ४ सेंटीमीटर व्यासाचा धरा. त्याचा घेर झाला साडेबारा सेंटीमीटर. ए-फोर आकाराचा ब्लॉक जवळपास ३० सेंटीमीटर लांब. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना रोलर दोन फेरे पुरे करून तिसऱ्यात शिरतो. पहिल्या फेऱ्यात त्यानं उठावाच्या, म्हणजे न कोरलेल्या, भागाला शाई दिलेली असते, आणि कोरून काढलेल्या भागावरून जाताना तिथली शाई त्याच्या अंगावर तशीच उरलेली असते. दुसऱ्या फेऱ्यात हा फरक ब्लॉकवर उतरतो. समजा, वरच्या कोपऱ्यात तुम्ही एक पान कोरलंय. छापून बघाल तर साडेबारा सेंटीमीटर खाली, सपाट काळ्यात, त्याच पानाची पुसट, जरा जास्त काळी सावली दिसते. पुष्कळजण याचा दोष शाईला देतात, कागदाला देतात. शाई आणि कागद दोन्ही बदलून झाले तरी सावली त्याच जागी राहते, कारण ती रोलरच्या घेरावर ठरलेली असते.

म्हणून व्यास मोठा हवा. संपूर्ण ए-फोर एका फेऱ्यात झाकायचा तर साडेनऊ-दहा सेंटीमीटर व्यास लागेल. तसा रोलर महाग असतो आणि हाताला जडही जातो. शिकणाऱ्यासाठी साडेसहा सेंटीमीटरच्या आसपासचा व्यास मला योग्य वाटतो. त्याचा घेर वीस सेंटीमीटर भरतो. मग पातळ थर देत, दरवेळी सुरुवातीची जागा आणि दिशा बदलत फिरवलं की सावल्या एकमेकींत मिसळून जातात. रुंदीही ब्लॉकपेक्षा थोडी जास्तच असावी, नाहीतर रोलरच्या कडांच्या रेघा सपाट रंगात उमटतात.

चित्रकार नंदलाल बोस यांचं १९३० सालचं दांडीयात्रेतल्या गांधीजींचं लिनोकट आठवा. हातात काठी घेऊन चालणारी आकृती आणि मागे सलग काळं. त्या काळ्यात पट्टा आला असता तर त्या पावलातली ताकदच गेली असती. ज्याला असं काळं आवडतं, आणि लिनोकट करणाऱ्या बहुतेकांना आवडतंच, त्यानं रोलरबाबत तडजोड करू नये.

दुसरी गोष्ट गोलाईची. हिची परीक्षा दुकानातच होते, पैसे मोजायच्या आधी. काउंटरची काच स्वच्छ पुसून घ्या, रोलर तिच्यावर टेकवा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि डोळा काचेच्या पातळीला आणून बघा. रबर आणि काच यांच्यामधून उजेडाची फट दिसता कामा नये. मग रोलर थोडा थोडा फिरवून पुन्हा बघा. एका जागी फट नाही आणि अर्ध्या फेऱ्यावर आहे, असं असेल तर रबर सगळीकडे सारखं घासलेलं नाही किंवा रोलर वाकलेला आहे. मधोमध फट आणि कडा टेकलेल्या, हाही नेहमीचा दोष. त्यानंतर मूठ धरून रोलर हवेत फिरवा. तो न अडखळता फिरला पाहिजे आणि आडवा हलवला तर खडखडता कामा नये. एकाच बाजूनं धरलेल्या दांडीपेक्षा दोन्ही बाजूंनी धरणारी चौकट केव्हाही चांगली, दाब सारखा राहतो. तुम्ही हे सगळं बघत असताना दुकानदार घाई करू लागला तर करू द्या.

आता मऊ की कडक. रबराची कठीणता ‘शोर ए’ या मापात सांगतात. साधारण ३० च्या आसपासचं रबर मऊ, ४० ते ५० म्हणजे मध्यम, ६० च्या वर कडक. मऊ रोलर ब्लॉकच्या उंचसखल भागाशी जुळवून घेतो, पण उथळ कोरलेल्या जागेतही वाकून शिरतो आणि तिथल्या रेघोट्यांना शाई लावून येतो. कडक रोलर वरवर चालतो, बारीक रेषा स्वच्छ ठेवतो, पण लिनोत कुठे खळगा असला तर ती जागा कोरडी सोडतो. लिनोचा पृष्ठभाग सपाट असतो आणि नवशिक्याचं कोरणं बहुधा उथळ असतं. म्हणून पहिला रोलर मधल्या कठीणतेचा घ्यावा. मऊ रोलर नंतर, लाकडाची नक्षी किंवा खरखरीत कापड छापायची वेळ आली की. भिंती रंगवायचा स्पंजाचा रोलर मात्र कुणीही सुचवला तरी घेऊ नका, तो शाईत बुडबुडे धरतो.

रबर कुठलं आहे हेही विचारावं. आपल्याकडे शिकणारे बरेचजण ऑफसेट छपाईयंत्रांची शाई वापरतात, ती घट्ट आणि तेलाची असते. नैसर्गिक रबर तेलानं आणि थिनरनं हळूहळू फुगतं. नायट्राइल रबर तेलाला जास्त टिकतं, पण थिनर त्यालाही लावू नये. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईच्या काळात तर सरस आणि काकवी किंवा ग्लिसरीन शिजवून साच्यात रूळ ओतायचे. शाई ते अप्रतिम पकडत, पण उन्हाळ्यात नरम पडायचे आणि पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन बसायचे. आपल्या हवेला रबरच बरं.

बाहेरून मागवलेले रोलर परवडत नसतील तर एक वाट आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. ऑफसेट मशीनच्या जुन्या रोलरांवर नवं रबर चढवून देणारी वर्कशॉपं मोठ्या शहरांत असतात. ती माणसं गाभ्यावर रबर चढवतात, भट्टीत पक्कं करतात आणि मशीनवर घासून गोल करतात. त्यांना व्यास, रुंदी आणि शोर सांगा, तेलाच्या शाईसाठी हवाय असं सांगा. चौकट आणि मूठ ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून होते. कारखान्याच्या मशीनला लागणारी गोलाई त्यांच्या हाताखालून रोज जात असते. हौशी लोकांसाठी बनवलेल्या स्वस्त रोलरपेक्षा तिथला माल कितीतरी सरस निघतो.

घेतल्यावर त्याला जपा. काचेवर शाई पसरताना पोळी लाटतो तसा जोर लावायचा नाही. रोलरच्या वजनानंच फिरवायचा आणि प्रत्येक फेरीअखेर उचलायचा, म्हणजे तो दरवेळी नव्या जागी टेकतो. थर बरोबर झाला की शाईतून एकसारखा बारीक चरचर आवाज येतो आणि पृष्ठभाग मखमली दिसतो. आवाज ओला, चपचपीत येत असेल तर शाई जास्त झाली, थोडी खरवडून काढा. काम झालं की खाद्यतेलानं शाई सोडवा, मग भांड्याच्या साबणानं धुऊन लगेच पुसा. दोन्ही कडांवर साचलेली शाई विसरू नका, ती वाळून कंगोरा होतो आणि पुढच्या छापेत रेघ मारतो. रबरावर भार देऊन ठेवू नका, चपटा डाग पडतो. खिळ्याला टांगा, उन्हापासून लांब. कोकणात राहत असाल तर पावसाळ्याआधी आसाला मशीन ऑइलचा थेंब द्या.

आणि दुसरा रोलर घ्यायची वेळ येईल तेव्हा तो फक्त पिवळ्या, पांढऱ्या, फिक्या रंगांसाठी राखून ठेवा. काळा कितीही धुतला तरी रबरात थोडा राहतो, आणि पिवळ्यात तो लगेच हिरवट दिसतो.